हरीण आणि बदक, दोन्हीला एकच सेमी-ऑटो घ्यायचीये: बेनेली, बेरेटा की ब्राउनिंग?

पहाटगारठा :
मंडळी, बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गेली आठ वर्षं एकच पंप ॲक्शन शॉटगन (दर बारानंतर पुढची मूठ हाताने मागेपुढे करायची) वापरतोय, बारा गेज (गेज म्हणजे नळीचं माप). तिनेच बदकं मारली, तिनेच हंस मारले, दोन हरणंही तिनेच पाडली, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण आता पन्नाशी आली, खांदा दुसऱ्या दिवशी हिशोब मागतो, आणि खरं सांगायचं तर हौस आहे हो. पैसे साठवलेत, एकदाच भारीतली सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घ्यायची आणि मग वीस वर्षं दुकानाची पायरी चढायची नाही असं ठरवलंय.

वापर सांगतो. सीझनमध्ये पंधराएक दिवस बदकं आणि हंस, म्हणजे चिखल, पाणी, थंडी सगळं आलंच. तीन-चार दिवस फेजंट (रानकोंबड्यासारखा पक्षी), त्यात दिवसभर पायपीट. आणि दोन-तीन दिवस हरीण. मी जातो तिथे हरणाला रायफल चालत नाही, शॉटगन आणि स्लग (छर्र्यांऐवजी एकच जड गोळी) एवढंच चालतं.

यादी तीनवर आणलीये : बेनेली सुपर ब्लॅक ईगल ३, बेरेटा ए४०० एक्स्ट्रीम प्लस, ब्राउनिंग मॅक्सस २. साडेतीन इंची काडतूस बसेल असं चेंबर तर हवंच असं धरून चाललोय. यातली कुठली घेऊ? आणि एकाच नळीने दोन्ही कामं होतील ना?

बाभूळकाटा :
मॅक्सस. धागा बंद करा :)

जुना_छर्रा :
बाभूळराव, थांबा जरा, माणूस आयुष्याची खरेदी करतोय.

पहाटगारठा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तुमच्या यादीत खरं तर दोनच जाती आहेत. बेनेली ही इनर्शियावाली, बेरेटा आणि मॅक्सस या गॅसवाल्या. नावापेक्षा हा फरक मोठा.

इनर्शियात काय होतं, बोल्टचे (काडतुसामागून नळी बंद करतो तो लोखंडी भाग) दोन भाग असतात आणि मधे एक आखूड दणकट स्प्रिंग. बार उडाला की अख्खी बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग आहे तिथेच राहू बघतो. बस झटक्यात सुटली की उभा माणूस मागे राहतो ना, तसंच. तेवढ्यात ती स्प्रिंग दाबली जाते, मग उसळते, बोल्टचं डोकं फिरून लॉक सुटतं आणि रिकामं काडतूस बाहेर. बस एवढंच, यात गॅस कुठेही आत येत नाही. ही ब्रूनो चिवोलानीची करामत, आणि १९६७ साली उर्बिनोला बेनेली उभी राहिली ती त्याच्याच जोरावर.

गॅसवालीत नळीला खालून बारीक भोकं असतात, काडतुसातला थोडा गॅस तिथून पिस्टनवर येतो आणि पिस्टन बोल्टला मागे ढकलतो. तो धक्का थोडा लांबतो, म्हणजे जो दणका एकदम बसायचा तो पसरून बसतो. खांद्याला फरक कळतो, आणि चांगलाच कळतो. वर ए४०० एक्स्ट्रीम प्लसच्या दस्त्यात हायड्रॉलिक डँपर आहेत, तिचं वजनही साडेतीन किलोच्या आसपास. सुपर ब्लॅक ईगल ३ सव्वातीन किलोच्या आतबाहेर.

आता फेडायचं काय ते ऐका. गॅसवालीच्या पिस्टनवर काजळी धरते, दिवसभर बार काढले की पुढचं उघडून पुसावं लागतं. इनर्शियावाली आतून इतकी स्वच्छ राहते की आळशी माणूस तिच्या प्रेमात पडतो (मी पडलो होतो). पण इनर्शियाला बंदूक मागे यायला जागा हवी. दस्ता कशाला टेकवून धरला, किंवा बंदुकीला बरंच सामान लटकवलं आणि वर हलकं काडतूस घातलं, की बोल्ट पूर्ण मागे जाईलच असं नाही. आणि दणका असतो तसाच खांद्यावर येतो, तो गिळायला तिथे कुणी नाही.

तुमचा खांदा हिशोब मागतो म्हणालात ना? मग उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय.

दलदल_प्रेमी :
काकांना अर्धं अनुमोदन. गॅसवाली मऊ असते हे मान्य, पण चिखलात पडल्यावर कोण उठतं ते पण सांगा. माझी इनर्शियावाली दोनदा पाण्यात गेली, हलवली, पुसली, परत लावली, चालू. शेजारच्या भिडूची गॅसवाली त्याच दिवशी थंडीत हळूहळू चालायला लागली. पिस्टनवरची काजळी आणि वर घट्ट तेल, दोन्ही मिळून काकवी झाली होती. दोष बंदुकीचा नाही, तेल त्यानेच ओतलं होतं. थंडीत पातळ तेल लावायचं आणि तेही पुसून काढल्यावर जेवढं उरेल तेवढंच, हे कुणीतरी ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

जुना_छर्रा :
ठळक करून घ्या. पण दलदलभाऊ, इनर्शियाचा तो 'टिक्' पण सांगा की. सोयीचं तेवढंच सांगू नका.

दलदल_प्रेमी :
सांगतो, सांगतो :) पहाटे दबा धरून बसलो होतो, आवाज नको म्हणून काडतूस घातल्यावर बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडला. उजाडलं, तीन मॅलार्ड पंख रोखून थेट समोर उतरायला लागले, उठलो, चाप ओढला. टिक्. बारच नाही. बोल्टचं डोकं केसभर फिरायचं राहिलेलं, लॉक पूर्ण बसलेलंच नाही आणि बघून कळतही नाही. इनर्शियावाल्या जुन्या बंदुकांना हे दुखणं होतं, बोल्टचा दांडा कशाला घासला तरी व्हायचं. बोल्ट पुढे सोडायचा तर खाडकन सोडायचा, लाड करायचे नाहीत. सुपर ब्लॅक ईगल ३ मध्ये बोल्टचं डोकं आपोआप पुरतं फिरून बसावं अशी सोय केलीये, त्यामुळे नव्यात ही भीती फारशी नाही.

बाभूळकाटा :
बरं मी सविस्तर सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता काटा टोचून गेला. मॅक्सस २ ला बोल्ट उघडा असताना पहिलं काडतूस खालून मॅगझीनमध्ये सारलं की ते आपणहून चेंबरमध्ये जाऊन बसतं. हातमोजे घालून, अंधारात, पाण्यात उभं राहून करून बघा म्हणजे त्याची किंमत कळेल. आणि गॅसवाली असूनही हाताला ओझं वाटत नाही. फेजंटमागे आठ-दहा किलोमीटर चालल्यावर अर्धा किलोचा फरक म्हणजे मांडीवरचं पोर आणि खांद्यावरचं पोर एवढा फरक असतो.

रसिक_वाचक :
माझे आजेसासरे म्हणायचे ऑटो-५ सारखी बंदूक परत होणे नाही. ती यादीत का नाही?

जुना_छर्रा :
ऑटो-५ म्हणजे जॉन ब्राउनिंगचं डोकं, १९०० सालचं पेटंट. तिच्यात बारासरशी अख्खी नळीच मागे यायची. हलकं काडतूस, जड काडतूस यासाठी मॅगझीनच्या नळीवरच्या रिंगा उलट्यासुलट्या लावाव्या लागायच्या, विसरलात की एकतर बंदूक अडकणार नाहीतर खांदा निघणार. जवळजवळ शंभर वर्षं बनत होती. हल्लीची ए५ दिसायला तशीच, पाठीवर तोच चौकोनी उंचवटा, पण आतून इनर्शिया. नाव आजोबांचं, इंजिन नातवाचं.

पहाटगारठा :
सगळ्यांचे आभार. म्हणजे खांद्यासाठी गॅस, आळसासाठी इनर्शिया :) बेरेटाकडे कल झुकतोय. पण स्लगचं कुणीच बोललं नाही?

पाणकोंबडी :
मी केव्हाची वाट बघतेय की कुणी नळीवर बोलेल, सगळे आपले बोल्टवरच.

दादा, तुमच्या प्रश्नात गोम आहे ती 'एकाच नळीने' यात. बदकाला गुळगुळीत नळी लागते. हरणाला लांबून नेम धरायचा असेल तर आटे पाडलेली, म्हणजे रायफल्ड नळी लागते. या दोन नळ्यांचं एकमेकींशी पटत नाही. रायफल्ड नळीतून छर्रे सोडले की ते गरगर फिरत बाहेर पडतात आणि चहूकडे फेकले जातात, मधे मोठं भोक आणि कडेने कडं. त्या भोकातून बदक खुशाल निघून जातं.

उलट बाजूने, गुळगुळीत नळीतून सॅबो स्लग (प्लास्टिकच्या कपात बसवलेली बारीक गोळी) मारायचे म्हणजे पैसे पाण्यात. सॅबोला फिरकी मिळालीच पाहिजे, नाहीतर तो कुठेही जातो. गुळगुळीत नळीसाठी फॉस्टर स्लग असतो, कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये काढलेला. त्याच्या अंगावर तिरक्या रेघा दिसतात म्हणून लोकांना वाटतं तो त्याने फिरतो. तसं नाही हो. त्या रेघा मुख्यतः चोकमधून (नळीच्या टोकाला तोंड अरुंद करणारा भाग) जाताना शिशाला दबायला जागा मिळावी म्हणून. तो सरळ जातो कारण नाक जड आणि मागून पोकळ, बॅडमिंटनच्या फुलासारखा. बारा गेजचा नेहमीचा एक औंसाचा स्लग म्हणजे २८ ग्रॅमचा शिशाचा गोळा, पोचला तर हरणाला पुरून उरतो. प्रश्न पोचण्याचा आहे. गुळगुळीत नळी आणि नेमाला टोकावरचा नुसता मणी असेल तर मी ५० यार्डांपुढे चाप ओढत नाही. चांगल्या साइट्स असतील आणि कागदावर गट घट्ट येत असेल तर ७५. रायफल्ड नळी, सॅबो आणि वर स्कोप असेल तर १००-१२५ आरामात.

हो, आणि फॉस्टर मारताना फुल चोक, म्हणजे अगदी अरुंद, काढून ठेवा. सिलिंडर किंवा इंप्रूव्ह्ड सिलिंडर हे मोकळे चोक, बस.

पहाटगारठा :
पाणकोंबडीताई, हे कुणी दुकानात सांगितलंच नव्हतं. मग मी सेमी घेऊन तिलाच दुसरी रायफल्ड नळी घेतली तर?

पाणकोंबडी :
घ्या की, पण आधी खात्री करा की तुम्ही घेताय त्या मॉडेलला, त्याच गेजला आणि त्याच चेंबरला तशी नळी मिळते. प्रत्येक भारी बदकवाल्या सेमीला मिळतेच असं नाही, बंदूक घेतल्यावर शोधत बसाल. आणि घेतलीत तर स्कोपची पट्टी नळीवरच बसवलेली असते तसली घ्या. नळी काढली घातली तरी स्कोप नळीसोबतच राहतो, जुळवलेला नेम फारसा हलत नाही. स्कोप बंदुकीच्या अंगावर आणि नळी वेगळी असेल तर दर वेळी परत कागदावर जाऊन जुळवावं लागतं.

एक विचारू? तुमचा तो जुना पंप कुठला आहे?

दणकेबाज :
एवढा काथ्याकूट कशाला, साडेतीन इंची घ्या, हंसाला दुसरं काही चालत नाही, तीन इंच म्हणजे लहान मुलांचा खेळ.

जुना_छर्रा :
दणकेबाज, हलके घ्या, पण हे चूक आहे.

साडेतीन इंची बारा गेज मुळात कशासाठी आली ते बघा. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे टप्प्याटप्प्याने बंद झाले, १९९१ पासून देशभर. बदकं चिखलातून शिशाचे दाणे टिपायची आणि विषबाधेने मरायची, म्हणून. मग आलं स्टील. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८ च्या आसपास. तोच मारा हवा तर छर्रा दोन नंबरने मोठा घ्यावा लागतो आणि मोठे छर्रे जागा जास्त खातात. म्हणून १९८८ मध्ये काडतूसच लांब केलं. आणि १९९१ च्या सुपर ब्लॅक ईगलने ते सेमीमधून पहिल्यांदा मारून दाखवलं. तेव्हा त्याला अर्थ होता. आता तीन इंची स्टीलची काडतुसं खूप वेगवान झालीत, शिवाय बिस्मथ आहे, टंगस्टन आहे. टंगस्टनचे टीएसएस नावाचे छर्रे तर शिशाहून दीडपट जड. माझं साडेतीन इंचीचं एक खोकं सहा वर्षं कपाटात पडलंय. कुणाला हवंय?

दणकेबाज :
तुम्ही म्हातारे झालात काका.

जुना_छर्रा :
झालोच आहे. खांदा मात्र अजून जागेवर आहे.

दणकेबाज :
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

डावरा_नेमबाज :
मी फक्त एक विचारतो, पहाटगारठा तुम्ही या तिघींपैकी एक तरी खांद्याला लावून बघितलीत का? डोळे मिटून बंदूक खांद्याला आणा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी एका रेषेत दिसली आणि मणी मधोमध आला तर ती तुमची. मणी डावीकडे पळाला, किंवा पुढचं काही दिसतच नाही नुसता बोल्टचा मागचा भाग दिसतोय, तर कितीही भारी बंदूक असू द्या, मागेच पडणार तुमचे छर्रे. या किमतीच्या बंदुकांसोबत पातळ चकत्या येतात, दस्ता आणि बॉडीच्या मधे घालायच्या, त्याने दस्ता वरखाली आणि डावाउजवा करता येतो. बहुतेक लोक त्या खोक्यातून बाहेर सुद्धा काढत नाहीत.

आणि डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहतं तो तुमचा मालक. मी उजव्या हाताने लिहितो पण मालक डावा, हे कळायला मला अकरा वर्षं आणि देव जाणे किती काडतुसं लागली. आता डाव्या खांद्याने मारतो.

नवशिक्या_२ :
माझ्या बायकोला पण यायचंय, तिच्यासाठी वीस गेज घेऊ का? एकाच बॅगेत दोघांची काडतुसं नेता येतील.

पाणकोंबडी :
वीस गेज जरूर घ्या, बायका म्हणून नाही, कुणीही वापरावी इतकी छान असते. पण एकाच बॅगेत? अजिबात नाही!! वीसचं काडतूस बारीक असतं, बाराच्या नळीत पुढे घसरतं आणि मधेच अडकून बसतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. मग माणूस बाराचं घालतो आणि चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. म्हणून तर वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली. दोन बॅगा, दोन खिसे, आणि आदल्या दिवशीचं जॅकेट घालताना खिसे उलटे करून बघायचे.

नवशिक्या_२ :
बापरे. दोन बॅगा.

पहाटगारठा :
उशिरा उत्तर देतोय, सॉरी. ताई, पंप ८७० आहे, रेमिंग्टनची, साधीच. का?

पाणकोंबडी :
मग झालं की. ८७० एक कोटीच्या वर बनल्यात, तिच्यासाठी रायफल्ड नळी, स्कोपच्या पट्टीसकट, सहज मिळते. टोपण फिरवून काढायचं, नळी बदलायची, दोन मिनिटांचं काम. हरणाची बंदूक तुमच्या घरात आठ वर्षं उभी आहे दादा. हरणाला तीन गोळ्या झटपट लागत नाहीत, एक नीट लागते, तिथे सेमीचा उपयोग तो काय? सेमी घ्या ती फक्त पक्ष्यांसाठी बघून घ्या. मग हरणाचा विचार करून नळीची लांबी कमी करायला नको, स्कोपला भोकं आहेत का बघायला नको.

बाभूळकाटा :
ताईंनी धाग्याचा विषयच संपवला. टाळ्या.

दलदल_प्रेमी :
+१. आणि सेमी पाण्यातून आणली की दस्त्यातली स्प्रिंग विसरू नका. बऱ्याच बंदुकांत बोल्ट परत आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळीत असते, तिथे पाणी शिरतं आणि कुणाला दिसत नाही. वर्षातून एकदा दस्ता उघडा. माझ्यातून चहासारखं पाणी निघालं होतं.

पहाटगारठा :
तीन आठवड्यांनी परत आलोय. काय केलं ते सांगतो म्हणजे पुढे कुणी वाचलं तर उपयोगी पडेल.

दोन मित्रांच्या बंदुका मागून आणल्या, एक बेनेली आणि एक ए४००. दोन्हींनी मातीच्या तबकड्यांवर पन्नास-पन्नास बार काढले, काडतूस तेच. बेनेलीने ३३ फोडल्या, बेरेटाने ३५, म्हणजे काहीच फरक नाही म्हणा ना. पण बेनेली हातात जास्त चपळ होती, उठतानाच ती पक्ष्यावर जायची, आणि मला वाटलं हीच घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला हात वर केला आणि मत बदललं.

डावराभाऊंची डोळ्याची तपासणी केली, मालक उजवाच निघाला, सुटलो. मणी मात्र डावीकडे पळत होता, चकती बदलल्यावर मधे आला. दुकानदाराला चकत्या कशा बदलतात विचारलं तर तो खोकंच शोधत बसला.

शेवटी ए४०० एक्स्ट्रीम प्लस घेतली, २८ इंची. तिला साडेतीनचं चेंबर आहे, पण मी तीनच घालणार, काका रागावू नका. ८७० ला रायफल्ड नळी आणि साधा स्कोप लावला. सॅबोचे पाच प्रकार आणून कागदावर मारले, त्यातला एक १०० यार्डांवर पाच इंचात बसला, सगळ्यात महागडा आठ इंचात पण नाही. नळीला काय आवडतं ते तिलाच विचारावं लागतं असं दिसतंय.

डावरा_नेमबाज :
अभिनंदन! सेमीचा पॅटर्न (कागदावर छर्रे कसे पसरतात ते) काढलात का? स्टीलला फुल चोक लावू नका, मधल्या, म्हणजे मॉडिफाइडने सुरुवात करा, स्टील दबत नाही त्यामुळे मुळातच घट्ट जातं.

पहाटगारठा :
काढला ना. मॉडिफाइड, ४० यार्ड, मोठा कागद, बार मारल्यावर जिथे गर्दी जास्त तिथे ३० इंचाचं वर्तुळ काढलं. काडतूस सव्वा औंस दोन नंबर स्टील, म्हणजे १५६ छर्रे. भोकं मोजायला मुलीला बसवलं, स्केचपेनने एकेक खूण करत. ती एकदा मोजून म्हणाली १०७, दुसऱ्यांदा ११२.

जुना_छर्रा :
दोन्ही चालतील. सत्तर टक्क्यांच्या जवळपास म्हणजे मॉडिफाइड नव्हे, फुलचं काम करतेय तुमची. जवळच्या बदकांना इंप्रूव्ह्ड सिलिंडर लावून बघा, आणि परत मुलीलाच बसवा.

पहाटगारठा :
ती म्हणते एका कागदाचं एक आइस्क्रीम.